पाचवी ओटी

३ जानेवारी २००५
पोहोचलो एकदाचे! माझे पाय सुजले, पण बाळाने हीथ्रोपर्यंत मजेत लाथा मारल्या. अपूर्वचं ऑफिस ब्रॅकनेलला, आमचा फ्लॅट दोन स्टेशनं अलीकडच्या छोट्या गावात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चौक दिसतो, आणि चौकात एक बाई नाचते. मी खरंच बाई समजले. ब्राँझचा पुतळा आहे, पण चौथरा नाही; फरशीवरच उभी, माणसाएवढी. एक हात डोक्यावर, दुसऱ्या हाताने झालरीचा घागरा पुढे उचललेला. मानेवरची शीरसुद्धा ताणलेली दिसते. पाटीवर लिहिलंय: पिलार, फ्लॅमेंको नर्तकी. तीस वर्षं तिने या गावाला नाच शिकवला.

७ जानेवारी
मिडवाइफ येऊन गेली. सातवा लागलाय, आता रोज लाथा मोजून लिहायच्या, संध्याकाळच्या आत दहा झाल्या पाहिजेत, म्हणाली. आज दुपारी बारालाच दहा! खालच्या मजल्यावरच्या सुमनताई भेटल्या. चाळीस वर्षं इथे आहेत, तरुणपणी पिलारकडे तो टाचा आपटत करायचा स्पॅनिश नाच शिकल्यात. पुतळा इतका हुबेहूब की पहिल्या दिवशी त्यांनी त्याला गुड मॉर्निंग म्हटलं होतं.

१६ जानेवारी, रविवार
संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. आईचा फोनवरून हुकूमच होता, पहिलटकरीण आहेस, पाच जणींच्या ओट्या भर. सुमनताई आणि त्यांच्या ओळखीच्या तिघी आल्या. पाचवी येणार होती, तिच्या मुलाला ताप आला. तांदूळ, नारळ, खण तसेच उरले. अपूर्व म्हणाला, चौकातल्या बाईंना विचार की, घागरा पसरून उभ्याच आहेत.
गेले मी! लख्ख ऊन होतं. कुंकू लावलं, घागऱ्याच्या ओच्यात ओटी भरली आणि आई म्हणते तसं म्हणाले, तुमचीही कूस उजवू दे. ओटी घेणारी चार दाणे देणारीच्या ताटात परत टाकते, ते मात्र राहिलं. अपूर्व हसून म्हणाला, इंग्लंडात पहिली मैत्रीण केलीस, तीही ब्राँझची.
दहा लाथा, दोन वाजेपर्यंत.

१७ जानेवारी
सकाळी ओटी नव्हती. तांदळाचा एक दाणाही खाली सांडलेला नाही. कौन्सिलचा झाडूवाला, असं अपूर्वचं म्हणणं.

२४ जानेवारी
सुमनताईंना हसत हसत सांगितलं, तर त्यांनी कप खाली ठेवला. पिलारला तीन मुलं झाली, एकही जगलं नाही. शिकायला येणारी कुणी गरोदर असली की ती तिच्या पोटावर हात ठेवू का विचारायची आणि मग हात उचलायचीच नाही. अगं, कुणालाही वाटेल ते काय देत सुटतेस, म्हणून त्या माझ्यावर रागावल्या.
दहा. पण पाच वाजले.

३० जानेवारी
दहा व्हायला रात्रीचे आठ वाजले. घागरा पुढून जरा फुगीर दिसतो. अपूर्व म्हणतो, उन्हाची तिरीप. मी ओढणी नेली. तिच्या कमरेभोवती जेमतेम गाठ बसली.

४ फेब्रुवारी
सहा. आज ओढणीची टोकं भेटलीच नाहीत. चार बोटं कमी पडली.

८ फेब्रुवारी
हॉस्पिटल. ठोके आहेत, मंद आहेत. मिडवाइफने पोटावर टेप लावली, वहीत पाहिलं, पुन्हा लावली. पोट गेल्या खेपेपेक्षा कमी भरलं. बाळ वळलं असेल, म्हणाली. माझ्याकडे न बघता.

११ फेब्रुवारी
तीन. आईला फोन केला. भरलेली ओटी परत घेता येते का? कुणाची भरलीस, ते तिने आधी विचारून घेतलं. मग म्हणाली, दिलेली ओटी परत घेत नाहीत. फार तर तिच्यापुढे आपला पदर पसरायचा, तिने द्यावं म्हणून. लगेच म्हणाली, पण तू नको करूस, पदरात काय पडेल सांगता येत नाही.

१३ फेब्रुवारी
एक. पहाटे. मग काही नाही.
अपूर्वला ओढत चौकात नेलं. नाही नाही म्हणत त्याने तिच्या पोटावर हात ठेवला. चटका बसल्यासारखा काढला. घरी येऊन तीनदा हात धुतले. काय जाणवलं ते सांगत नाही. मी विचारलं, थंड होतं का? नाही म्हणाला.

१४ फेब्रुवारी
शून्य.
हॉस्पिटलने उद्या सकाळी नऊला बोलावलंय. कुशीवर झोपून राहिले. गार पाणी प्यायले, गोड खाल्लं. शून्य.

१५ फेब्रुवारी, रथसप्तमी
आठ वाजलेत. अपूर्व टॅक्सी बघायला स्टेशनवर गेलाय. मी कोटाखाली साडी नेसून चौकात आलेय. वही पुतळ्याच्या हातावर टेकवून लिहितेय — हात कोमट आहे —
तिचं पोट आता माझ्यापेक्षा मोठं. माणसं बाजूने जातात, कुणी बघत नाही.
पदर पसरला. मागितलं. माझं मला द्या म्हटलं. तुम्हाला दुसरं काहीही देते, म्हटलं.
काही नाही.

घागरा — आत गेला. माझ्यादेखत. सपाट —

लाथ! माझ्या पोटात! एक. दोन. देवा. तीन —
जोरात मारतंय. टाचेने मारावं तशी. चार, पाच, आवाज येतोय — बाहेर ऐकू येतोय, टक्, टक् — शेजारून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं —
सहा. जड आहे. फार जड. असं नव्हतं ते. सात —
पोट हाताला गार लागतंय, ब्राँझसारखं —
अपूर्व रस्त्यापलीकडे. हाक मारतोय. हात केला. जायला हवं. आठ —
पाऊल उचलत ना