कमळाची नाली

पिपरी मेघे, ता. १६ मे १९८३

ती. बंडूजी भाऊजी यांस,

कवडू मिस्त्रीचा शिरसाष्टांग दंडवत. इकडं सारे मजेत. तिकडं जाम गावाले तुमचा गुडघा काय म्हणते? देवकाताईचा हरवलेला नक्षीचा पाट सापडला काय? (लग्नातल्या पाटाची जोडी फोडणारा चोर! त्याले जराही लाज नसन.)

भाऊजी, मले पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम भेटलं, आमच्या गल्लीतली पावसाच्या पाण्याची नाली. गल्ली उताराची. दरवर्षी पाणी धावत येते अन् खालच्या अनुसयाबाईच्या चुलीत शिरते. म्हणून मी डोकं लढवलं. ओल्या सिमेंटात गेरूचा रंग टाकून नालीच्या तळाले हात-हात अंतरावर उठावाची कमळं छापली. पाणी कमळाले अडखळन, त्याचा जोर मरन, अन् नाली पाहाले झकास! (ओवरशिअर सायब म्हणे, गुळगुळीत कर. पण ऐकन तो कवडू कसला?)

झालं! दुसऱ्याच दिवशी अनुसयाबाईनं पहिल्या कमळाले हळदकुंकू वाह्यलं. लक्ष्मीच्या फुलावर खरकटं पाणी? राम राम राम! बायांनी नालीत सोडलेल्या आपापल्या मोऱ्यांची तोंडं मातीनं बुजवली अन् भांड्याचं पाणी रस्त्यावर फेकून राह्यल्या. रस्त्यात चिखल अन् नाली कोरडी ठणठणीत, रोज झाडलेली. सायब आले, त्यांचा बूट रुतला. म्हणाले, सोमवारपर्यंत पाणी वाह्यलं नाई तं सारी नाली फोडून टाक. भाऊजी, मले दोन दिवस भाकर गोड लागली नाई. पहिलंच काम, अन् आपल्याच हातानं घन घालाचा?

रविवारी दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. मी धावलो. बाया दारात उभ्या. म्हटलं, आता हेही पाणी अडवतात का काय! अनुसयाबाई म्हणे, "काऊन अडवू? हे तं देवाचं पाणी हाये. येऊ दे ना!" नालीत ना राख, ना केरकचरा. पाणी कमळाकमळावर थबकत सरळ खालच्या ओढ्यात गेलं. अनुसयाबाईची चूल कोरडी! मी तिथंच रडलो, खोटं काऊन सांगू? आज सायब पाहतच राह्यले. खरकट्या पाण्याले वेगळी साधी नाली अन् मागच्या गल्लीले ही कमळाची, दोन्ही कामं मलेच दिली.

तुमचा,
कवडू

ता. क. पाटासाठी ताईनं शेजारच्या शकुबाईवर आळ घेऊ नये. कमळाचा छाप मले काही आभाळातून पडला नाई.

आणखी एक. त्या पाटाची नक्षी सिमेंटानं पार बुजली, आता कमळ उठत नाई. जोडीतला दुसरा पाट येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ गुपचूप पाठवजा. ताईनं विचारलं तं सांगजा, चोर पुन्हा आलता.