ढगातल्या सहा खेपा

अण्णा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला विमानाचा नियम लिहून समजावत बसले आहे. मी अमेरिकेत विमान चालवायला शिकवते, तिथला. ढगात बाहेरचं काही दिसत नाही, तेव्हा समोरच्या काट्यांवर नजर ठेवून धावपट्टीपर्यंत उतरावं लागतं. सहा महिन्यांत अशा सहा खेपा झाल्या नाहीत, तर एकटीने ढगात जाता येत नाही. पण खऱ्या ढगातून विद्यार्थी उतरत असेल, तर शेजारी बसलेल्या शिक्षिकेलाही ती खेप आपल्या लॉगबुकात लिहिता येते. मी तशाच सहा लिहिल्या. नियमाने चोख.

मग गेल्या महिन्यात एकटी ढगात शिरले. काटा बाजूला सरकत होता, मला दिसत होतं. "काट्याकडे बघ, हळूच डावीकडे घे," असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. हात हललाच नाही. शेजारची सीट रिकामी होती, अण्णा. भानावर येऊन विमान वर घेतलं आणि दुसऱ्या खेपेला कशीबशी उतरले.

आता रजेवर बालाजी घाटाजवळच्या आपल्या घरी, तुम्ही मुलांना वेद शिकवायचात त्या पाठाच्या खोलीत बसले आहे आणि काही उलगडत नाही. एक आठवतं: मी दहा वर्षांची आहे, दाराशी बसून मुलांचा पाठ ऐकते आणि वहीत लिहिते, 'पाठ झाला'. तुम्ही वही बघता. "तुझ्या तोंडून कुठे झाला? ऐकलास फक्त. झूठ लिहू नकोस."

पण मग दुसरंही आठवतं. तुमचा गळा बसला होता. पंचगंगा घाटावर यजमानांसमोर तुमच्या जागी तुमचा शिष्य मंत्र म्हणत होता, तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. एक स्वर चुकला, तुमचं बोट उठलं, त्याने पुन्हा म्हटलं. गल्लीतून परतताना तुम्ही म्हणालात, "थकलो गं. आज सगळं मीच म्हटलं."

यातलं कुठलं धरू? विद्यार्थी चुकतो तेव्हा माझंही बोट उठतंच की. मग त्या खेपा माझ्या का नाहीत? आणि माझ्या होत्या, तर हात का अडला? नोंदी खोडायला पेन हातात घेतलं, पुन्हा ठेवलं.

मघाशी आई चाय ठेवून गेली. "काय लिहितेस गं एवढं?"

"नोकरीचं काम," मी म्हटलं. त्या दिवशी मी घाबरले होते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.