ताईचा कर्दळीचा वाफा

८ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निघताना तू बाजारात गेली होतीस, म्हणून सांगायचं राहिलं: तुझी मोरी मी घासून लख्ख केली आहे. फिनाईलच्या दोन बाटल्या अख्ख्या ओतल्या. आभार मानत बसू नकोस.

मागच्या अंगणातल्या वाफ्याचं ते खडी-वाळूचं खूळ मात्र आता पुरे. मोरीचं पाणी गाळून पुन्हा वापरायचं म्हणजे काय! लोक हसतात गं.

रागावलीस तरी जीव लावायचं सोडू नकोस.
तुझा,
धाकटा

१४ एप्रिल

चि. चकचकीतरावांस,
अ. उ. आ.

सापडला खुनी! अरे शहाण्या, कर्दळीच्या मुळांना आणि खडीला डोळ्यांना न दिसणारे जीव चिकटलेले असतात. साबणाचा मळ तेच खातात, म्हणून पाणी निवळतं. तू फिनाईल ओतून त्यांना सरसकट मारलंस. वाफा असा घाण मारायला लागला की सोसायटीचा सेक्रेटरी नाक दाबून दारात हजर. महिनाअखेरच्या रविवारी डबर टाकून बुजवणार म्हणतो. मी म्हटलं, आधी मला बुजवा.

गेल्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले तेव्हा टँकरचं पाणी अंघोळीनंतर याच वाफ्यात गाळून अख्ख्या इमारतीचे संडास चालले. मेल्यांना आता आठवत नाही. नसेना का आठवत! मी वाफ्यात खुर्ची टाकून बसणार. बघू कोण डबर ओततो ते.

तुला शिक्षा एकच. तुझ्या घरामागच्या तळ्यातला काळा चिखल, ज्याला तू नाक मुरडतोस, तो डबाभर आण. त्यातले जीव खडीत रुजले की वाफा हळूहळू पुन्हा जोम धरेल.

माया आहेच, पण चिखल आधी.
तुझी,
ताई

२० एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल इस्त्रीच्या पँटीत तळ्यात उतरलो आणि पाय घसरून गळ्यापर्यंत माखलो. तुझी भावजय मला घरात घेईना. हसून घे पोटभर.

डबा भरला आहे. त्या रविवारच्या आत बसमध्ये मांडीवर घेऊन येईन, लोकांनी नाकं दाबली तर दाबोत. तुझ्या मोरीला हात लावणार नाही, शप्पथ. सेक्रेटरीला तू काही सांगू नकोस. मीच सगळ्यांसमोर सांगेन की वास वाफ्याचा नव्हता, माझ्या स्वच्छतेचा होता. तरीही डबर टाकायला कोणी पुढे आलंच, तर गाठ माझ्याशी आहे.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस. आणि वाफ्यात खुर्च्या दोन टाक.

तुझा,
धाकटा