गिअर उलटा केलाय

लोरिस,

मोटारसायकल सुरू करायच्या आधी हे वाच. मी गिअर उलटा करून ठेवलाय. पहिला आता वर उचलून पडेल, पुढचे सगळे खाली दाबून. काल दुपारी एलिओचा डोळा लागला तेवढ्यात केलं. तुझे बाबा दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, पोराच्या बापाला पुन्हा शर्यतीत धाडतेस होय?" मी म्हटलं, "तो जाणारच आहे, बाबा." मग त्यांनीच मला उजेडासाठी टॉर्च धरली.

मागच्या शर्यतीत त्या डाव्या वळणावर तू पुरता झुकलेला होतास आणि गिअर वाढवायला बूट गिअरच्या दांडीखाली घालायला गेलास. तिथे जागाच नव्हती, म्हणून पाय जमिनीला घासून मोडला. आता वरून नुसतं दाबायचं.

ब्रेक लावताना मात्र जप. जुन्या सवयीने पाय खाली दाबेल आणि गिअर उतरायच्या ऐवजी चढेल. म्हणून आज सर्किटवर जाऊ नकोस. आधी अंगणात फिरव, मग गावातल्या रस्त्याने हळूहळू माझ्या आईकडे ये. इवानोने मागितली तरी गाडी देऊ नकोस. तुझा भाऊ नीट ऐकून न घेताच निघेल.

तू पहिल्यांदा बसशील तेव्हा मला खिडकीत उभं राहवणार नाही, म्हणून एलिओला घेऊन पुढे जातेय. आम्ही तुझ्यासाठी जेवायचे थांबतो. गाडीचा आवाज आला की त्याला घेऊन दारात येईन. बसने आलास तरी दारातच असेन.

नीवेस