तंजावरची सहल

अजमान
३ ऑगस्ट

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. व्हॉट्सॲपवर मी तुला ब्लॉक केलंय आणि फोन केलास तर उचलणार नाही, म्हणून हा जुना मार्ग. खालच्या मजल्यावरची सेल्वी सुट्टीला तुमच्या तिरुचीला निघालीय, तिच्या बॅगेतून हे येईल. तिला कॉफी पाज. माझा राग तिच्यावर काढू नकोस.

शुभ्रा तुझ्याकडून परतली त्याला आठवडा झाला. आल्या आल्या तंजावरचं किती सांगत होती! मोठं देऊळ, तो अवाढव्य नंदी, देवळाच्या भिंतीवर कोरलेला मराठी लेख. जन्म अजमानमध्ये काढलेली पोर, तमिळ मुलखात आपली अक्षरं बोटाने वाचत उभी राहिली म्हणे. मग सरस्वती महाल ग्रंथालयातल्या ताडपत्रावरच्या पोथ्या, आणि माझ्यासाठी मान डोलावणारी बाहुली. ऐकताना मी मनातून जरा जळलेच. तुम्ही तिरुचीला राहायला गेलात तेव्हापासून ठरलं होतं ना, तंजावर आपण तिघींनी मिळून बघायचं? पण ऑफिसने माझी रजा अडवली. म्हटलं, पोरीने तरी बघावं.

काल आमचा धाकटा वरद मला मित्राच्या मॅचचे फोटो दाखवत होता. बोट सरकलं आणि भलताच फोटो पुढे आला. कुणाच्या तरी घरात शुभ्रा बसलीय, अंगावर जरीची साडी, केसांत गजरा, ओटीत नारळ. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला अनोळखी म्हातारी, मागे चष्म्यातला एक मुलगा हसतोय. वरदने फोन ओढून घेतला आणि फॉरवर्ड आलाय असं इंग्रजीत पुटपुटून पळाला.

ताई, मी काय दुधखुळी आहे? देवळाच्या नावाखाली तू माझ्या मुलीचा बघण्याचा कार्यक्रम उरकलास. बाबांनी तुला किती घरांतल्या माणसांपुढे पोह्यांच्या बशा घेऊन पाठवलं, आणि दर नकारानंतर तू माझ्या कुशीत तोंड खुपसून रडलीस. शुभ्राच्या बारशाला तूच म्हणाली होतीस की हिला कुणापुढे बसवायचं नाही. आणि तूच बसवलीस?

फोटोचं विचारलं तर शुभ्राने खोलीचं दार लावून घेतलं. तिला नक्की वाटत असणार की मावशीला मीच पुढे केलं. तेव्हा यात माझा हात नव्हता हे तू तिला स्पष्ट सांग. ती मला सगळं सांगते, लहानपणापासून सांगत आलीय. तेवढं एक माझ्याकडे आहे ताई, ते घालवू नकोस.

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर बघू.
साधना

---

तिरुचिरापल्ली
१२ ऑगस्ट

चि. सौ. साधनास,
अ. उ. आ.

तुझ्या तोफेचा गोळा पोचला. सेल्वीला कॉफी पाजली, वर मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकल्यांचा डबाही दिला. ती बिचारी आपण काय दारूगोळा वाहून आणलाय याची कल्पनाही नसताना खुशीत गेली. तुमच्याकडे टपाल घरी येत नाही, म्हणून हे शैलेंद्ररावांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर पाठवतेय.

माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी देवळातच संप पुकारला. शुभ्रा मात्र अनवाणी तापल्या दगडांवरून हरणासारखी. राजवाडा बघितला, पोथ्या बघितल्या, पितळी वाटीतली कॉफी झाली. आमच्या ह्यांनी गाडीत बसल्या बसल्या सांबाराचा शोध तंजावरच्या मराठ्यांनीच लावला यावर भाषण ठोकलं. गाडीवाल्याला ते मुळीच पटलं नाही.

आता तुझ्या मुद्द्याचं. साधने, शांतपणे वाच. मी शुभ्राला कुठेही फसवून नेलं नाही. तिने मला नेलं.

मुलगा तन्मय. तिचं ऑफिस आहे त्याच दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये दुसऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत गेलेलं. घरात मराठी बोलतात, पण तमिळच्या हेलात. आजी काही शब्द असे वापरते की आपण नुसतं हसून मान हलवायची. दोघांची ओळख दोन वर्षांची. लग्नाला हो म्हणण्याआधी तिला त्याचं घर बघायचं होतं, आणि एकटीने जायचं नव्हतं. मी म्हटलं, आईला सांग. ती म्हणाली, आईला इतक्यात नको. तुझी रजा नामंजूर झाल्याचं कळलं तेव्हाच तिने तिकीट काढलं, हेही आता लपवत नाही.

मी तिला शब्द दिला होता. ओटी आजीने आयत्या वेळी भरली, ते काही ठरलेलं नव्हतं. पोर इतकी खुशीत होती गं, की माझ्या तोंडून नाही निघालंच नाही. चूक असेल तर मोठ्या बहिणीची म्हणून पोटात घाल.

माझी माया होती तेवढीच आहे.
तुझी ताई

---

अजमान
२५ ऑगस्ट

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट शैलेंद्रने ऑफिसातून आणलं, टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेला. ताईंचं पत्र कसं काय, इतकंही विचारलं नाही. एरवी विजेच्या बिलाचं पाकीट दिसलं तरी दहा प्रश्न विचारणारा माणूस! तिथेच मला कळलं. पत्र वाचायच्या आधीच मी त्याला विचारलं की तुला कधीपासून ठाऊक आहे. टॉवेलने हात पुसत त्याने सांगितलं, ईदच्या सुट्टीपासून. तंजावरला तन्मयच्या घरी तुम्ही जेवत होतात तेव्हा त्याने कंपनीच्या पार्किंगमधून व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना नमस्कारही केला म्हणे. वरदलाही ठाऊक होतं. मी मात्र त्या दिवशी दुपारी तुला मेसेज करत होते की पोरीला उन्हात टोपी घालायला सांग.

शुभ्राला समोर बसवलं. चिडले नाही, खरंच नाही. ती इंग्रजीतच बोलली, अवघड बोलायचं असलं की ती तसंच करते. म्हणाली की मी तिचं काहीही माझ्याजवळ ठेवत नाही. तिची पहिली नोकरी, तिचा पगार, तिचं आजारपण, सगळं बिल्डिंगभर आणि मंडळाच्या गणपतीत आधी माझ्या तोंडून पोचतं. ही एक गोष्ट तिला थोडे दिवस स्वतःची हवी होती. मावशी पोटात ठेवते, बाबा ठेवतात, असंही म्हणाली.

ताई, मी कौतुक करत होते गं. इथे कोण आहे आपलं? दिवसभर मुलांबद्दल बोलायचं, त्यावर तर मी या वाळवंटात इतकी वर्षं काढली.

तिचं मी समजू शकते, ती लेकरू आहे. नवरा पहिल्यापासून मुलीपुढे विरघळतो. पण तू? तुला माहीत होतं मी तंजावरची वाट बघतेय. मी नसलेला दिवस निवडून तुम्ही गेलात, माझ्या मुलीची ओटी भरताना तू शेजारी बसलीस, आणि घरी येऊन मला देवळाचे फोटो पाठवलेस. नुसतेच देवळाचे. ते मी स्टेटसला ठेवले होते.

जास्त लिहवत नाही.
साधना

---

तिरुचिरापल्ली
७ सप्टेंबर

चि. सौ. साधनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांनाही वाचायला दिलं. ते म्हणाले, ती बरोबर आहे. मीही तेच म्हणते. देवळाचे तेवढे फोटो मी जाणूनबुजून निवडले, बाकीचे ठेवून घेतले.

तन्मयकडचे दिवाळीनंतर तंजावरला साखरपुडा करायचं म्हणतायत. शुभ्रा काल फोनवर रडली. आई सगळं करते, हसते, पण काही विचारत नाही, असं सांगत होती. तू ये गं. मुलीच्या आईने विहिणीची ओटी भरायची असते, तुझ्याशिवाय ते कसं व्हायचं? मी सगळी तयारी करून ठेवते, तू फक्त उभी राहा.

रागव, पण ये.
तुझी ताई

---

अजमान
१९ सप्टेंबर

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तिकिटं काढली. आम्ही चौघंही येतोय. शुभ्राच्या आनंदात मी मिठाचा खडा टाकणार नाही, त्याची काळजी करू नकोस.

गेल्या शुक्रवारी तन्मय जेवायला आला होता. मुलगा फार चांगला आहे. आपण होऊन ताटं उचलली, माझी आमटी तिसऱ्यांदा वाढून घेतली. तो मला आवडला ताई, आणि त्याचंच जास्त लागलं. मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं. बिल्डिंगमध्ये अजून कुणालाही बोलले नाही, सेल्वीलासुद्धा नाही.

ओटीचं मात्र तूच कर. भटजींनी मुलीच्या आईला पुढे बोलावलं की तू ऊठ. मी मागे पाहुण्यांत बसेन.

भावोजींना नमस्कार.
साधना