दंडावरची पट्टी

अहो,

धाकटीला घेऊन माझ्या दवाखान्यात जातेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

शनिवारी तिला कोविडची लस दिली असं मी तुम्हाला म्हणाले, ते खोटं होतं. रोज लोकांच्या पोरांना टोचते, 'काही होत नाही' म्हणून आयांना समजावते. पण स्वतःच्या लेकीवर सुई धरली आणि हातच चालेना. नुसती पट्टी चिकटवून आणली, वर 'बाबांना सांगू नकोस' म्हणून तिला बजावलं. तुम्ही तिचा दंड जपत होतात, तेव्हा माझी मान वर होत नव्हती. आज दुसरी नर्स टोचेल.

सकाळी वेणी घालताना तिच्या दंडाला माझा हात लागला, तर कळवळली. म्हटलं, अगं, तुला टोचलंय कुठे?

म्हणाली, "सवय ठेवलीय. बाबांसमोर विसरायला नको."