फाटकाची किल्ली

निलंगा, मंगळवार, भर वैशाख

सकाळी आईनं परत किल्ली मागितली. गायरानाचं फाटक मीच बंद केलंय, गवत वाढावं म्हणून. "शेळी उपाशी हाय. कुठं हाय तुझं गवत?" कुठंच न्हाई. पवन्या गवताचं ताजं बी वर्षभर झोपून राहतं, जुनं पेरावं लागतं. मी घाईत ताजंच पेरलं. हे अजून कुणाला बोललो नाही. आता फाटक उघडलं तर पावसात उगवेल तेही शेळ्या खातील. विचारू तरी कुणाला? लातूर जिल्हा नवा झाला, गवताचं बघणारे जुने साहेब उस्मानाबादेतच राहिले, नव्यांची खुर्ची रिकामी.

आईला खरं सांगायचं ठरवून संध्याकाळी घरी आलो. किल्ली खिळ्यालाच होती, तिनं हात लावला नव्हता. वरून शेळीचं रिकामं दावं अडकवलेलं.